तळे सार्वजनिक, उपसा खासगी

नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर खाते उघडणाऱ्या भारतीयांची एक लाट आली होती. आज विशीत असलेल्या आमच्या कार्यकर्त्यांना ती आठवणार नाही, म्हणून आधी तोच इतिहास सांगतो.

सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते दोनदा बंद करण्यात आले. पहिल्यांदा कारण ठरले एक जुने छायाचित्र. नाझी जर्मनीत, हॅम्बर्गच्या गोदीत, सगळा जमाव हात उंचावून सलामी देत असताना एकच कामगार हाताची घडी घालून उभा आहे. दुसऱ्यांदा कारण ठरली हिंदी कवी गोरख पांडे यांची कविता. त्याच सुमारास प्रा. दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले. ट्विटर निळी खूण देतानाही जात पाहते, असा आरोप करणारे हॅशटॅग देशभर चालले आणि ते चालवण्यात बहुजन, आंबेडकरी तरुण पुढे होते. याच कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी वर्षभर आधी भारतात येऊन ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचा फलक हातात धरून छायाचित्रात उभे राहिले होते. उच्चवर्णीयांनी ओरड करताच कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. फलक धरायला दोन मिनिटे लागतात, तो खाली ठेवायला तेवढीही लागत नाहीत.

मॅस्टोडॉनला एक मालक नाही. २०१६ मध्ये जर्मनीतील यूजेन रोख्को या तरुणाने ते सुरू केले. कोणीही आपला सर्व्हर उभारावा, त्याचे नियम आपण ठरवावेत आणि तरीही इतर सर्व्हरवरच्या लोकांशी बोलावे, अशी त्याची रचना. आमच्या पद्धतीने सांगायचे तर गावोगावचे बुद्धविहार. प्रत्येकाची समिती वेगळी, कुलपाची चावी वेगळी, वंदना मात्र एकच. ज्यांना कायम दुसऱ्याच्या ओसरीवर उभे राहून बोलावे लागले, त्यांना ही कल्पना आवडणारच होती. पुढे लाट ओसरली. वाचक ट्विटरवरच होते, त्यामुळे बहुतेक जण परतले. काही मात्र थांबले, आणि ब्लूस्काय आल्यावर काही नव्याने तिकडे गेले.

पण ज्या दारांना कुलूप नाही त्या दारांतून फक्त पाहुणेच येतात असे नाही. आमचे लोक मॅस्टोडॉनवर खाती उघडत होते त्याच वर्षी मिलान विद्यापीठातील संशोधकांनी तेथील पन्नास लाखांहून अधिक पोस्ट गोळा करून एक संच तयार केला होता. मॅस्टोडॉनवर लिहिणारा आपली पोस्ट एका इशाऱ्यामागे झाकू शकतो. मजकूर आत आहे, मन तयार असेल तरच उघडा, असे तो वाचकाला सांगतो. ही वाचकाची काळजी आहे. संशोधकांनी तीच खूण 'अनुचित मजकूर' ओळखण्यासाठी वापरली. म्हणजे स्वतःवरच्या अत्याचाराबद्दल लिहिताना कोणी सौजन्याने इशारा लावला असेल, तर यंत्राच्या लेखी त्याचे लिहिणे 'अनुचित' ठरले. २०२० च्या सुरुवातीला मॅस्टोडॉनकरांनी खुले पत्र लिहून निषेध केला आणि तो संच सार्वजनिक भांडारातून हटवला गेला.

ते निदान विद्यापीठ होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये हगिंग फेस या एआय कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने ब्लूस्कायवरील दहा लाख सार्वजनिक पोस्टचा संच यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी खुला केला. ब्लूस्कायवर प्रत्येक सार्वजनिक पोस्ट एका अखंड प्रवाहात वाहते आणि तो प्रवाह कोणालाही नळ जोडून घेता येतो. गदारोळ झाला, संच मागे घेतला गेला, दिलगिरीही आली. लगेच इतरांनी त्याहून मोठे संच टाकले, काहींनी तर चिडवण्यासाठीच. ब्लूस्कायने सांगितले की आम्ही स्वतः तुमच्या पोस्टवर यंत्र शिकवत नाही, पण बाहेरच्यांना भाग पाडू शकत नाही. मॅस्टोडॉनच्या सर्वांत मोठ्या सर्व्हरने २०२५ मध्ये आपल्या अटींतच अशा उपशाला मनाई जाहीर केली. ती अट त्या एका सर्व्हरपुरती. तुमची पोस्ट तुम्हाला वाचणाऱ्यांच्या दहा सर्व्हरवर नकलून गेलेली असते, तिथली समिती वेगळी. आणि रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची जी पाटी संकेतस्थळे दारावर लावतात, ती १९९४ पासूनची रीत आहे, कायदा नव्हे. 'आत येऊ नये' हे वाचून परत फिरणे न फिरणे येणाऱ्याच्या मर्जीवर.

यावर कंपन्यांचे उत्तर एका शब्दाचे असते: 'पब्लिक'. तुम्हीच उघड्यावर लिहिले, आता तक्रार कसली?

'सार्वजनिक' हा शब्द आमच्या समाजाला कोणी नव्याने शिकवू नये. त्याच्या अर्थावरून आमच्या आजोबा-पणजोबांनी डोकी फोडून घेतली आहेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसाच ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदावर तळे सार्वजनिक झाले आणि तीन वर्षे आमच्यापैकी कोणी ओंजळभर पाणी घेऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्यायले तेव्हा परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि पंचगव्याच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले.

पुढचा भाग आपण जयंतीच्या भाषणांत सांगत नाही, आणि आजच्या विषयाला तोच लागू आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात महाडच्या सनातन्यांनी दिवाणी दावा लावला. दाव्यात म्हटले होते काय? तर हे तळे सार्वजनिक नाहीच, ते 'चौधरी तळे' आहे, स्पृश्यांच्या खासगी मालकीचे आहे! काल गुरेढोरे पाणी पीत होती, येणारेजाणारे परधर्मीय पीत होते, तोवर मालकीची आठवण कोणाला नव्हती. आम्ही काठावर उभे राहिलो आणि तळ्याला मालक सापडला. न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला, म्हणून २५ डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली पण तळ्यावर जाणे स्थगित झाले. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

म्हणजे वस्तू सार्वजनिक की खासगी, हे वस्तूवरून कधीच ठरले नाही. कोण मागतो आहे, यावरून ठरले. आज उलट्या अंगाने तेच चालले आहे. आमच्या मुलीने रिसोडच्या बस स्टँडवर बसून लिहिलेली पोस्ट सार्वजनिक. तिच्यासारख्या कोट्यवधी पोस्ट पिऊन तयार झालेले यंत्र मात्र खासगी, त्याचे आतले गणित व्यापारी गुपित, आणि ते वापरायचे तर महिन्याचे पैसे भरा.

कोणी म्हणेल, महाडला तुम्हीच तळे खुले करा म्हणत होता, आता कुंपण घाला म्हणता? दोन्हींत विरोध नाही. महाडची मागणी माणसाला माणसाइतके पाणी मिळावे अशी होती. तळ्यावर पंप बसवून, पाणी टँकरमध्ये भरून, त्याच गावाला विकण्याचा हक्क कोणी मागितला नव्हता. वाशीम जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर पाहिलेल्या माणसाला ओंजळ आणि पंप यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आमच्याबद्दलची माहिती गोळा करून तिच्यावर दुसऱ्याने अधिकारी होण्याची परंपरा यंत्रांच्या फार आधीची आहे. वाशीम तेव्हा वऱ्हाडात मोडत होते. मध्यप्रांत-वऱ्हाडातील जाती-जमातींवरचे रसेल आणि हिरालाल यांचे चार खंड १९१६ मध्ये निघाले. त्यांत महारांवर मोठे प्रकरण आहे: चालीरीती, लग्ने, म्हणी, समजुती. हे सगळे कुणीतरी सांगितले असणार, कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी पारावर किंवा कचेरीच्या पायरीवर. त्या सांगणाऱ्या महारांची नावे शोधून पाहा. समाजशास्त्र शिकताना आम्हाला हे खंड 'स्रोत' म्हणून वाचायला मिळाले; स्रोत खरे तर ती बिननावाची माणसे होती.

आणि याच महाराष्ट्रात याच्या अगदी उलट कामही झाले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे, तीन हजारांवर गायिका. त्यांत बाबासाहेबांवरच्या, भीमाच्या लेकींनी गायलेल्या ओव्या आहेत. २०१७ पासून 'पारी'ने त्या प्रकाशित करायला सुरुवात केली, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव येते. जी बाई आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेली, ती तिथे आपल्या शब्दांची धनीण आहे. उद्या एखाद्या कंपनीचा उपसा हा संग्रह ओढून घेईल तेव्हा ओव्या यंत्रात जातील आणि बाईचे नाव गाळणीवर राहील. यंत्राला वृत्त कळेल, गायिका कळणार नाही. खरे नुकसान हेच, असे आमचे मत आहे. पैशाचा प्रश्न त्यानंतर येतो.

पैशाचाही येतो मात्र. मराठी यंत्राला शिकवण्यासाठी मजकूर हवा असतो आणि तो दोन वाटांनी मिळवता येतो. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ आणि २०२२ मध्ये मराठी ट्वीटचे संच केले, एक भावना ओळखण्यासाठी आणि दुसरा, पंचवीस हजारांचा, द्वेषमूलक भाषा ओळखण्यासाठी. हेतू चांगला आहे आणि मराठीला अशा कामाची गरज आहे, हे आम्ही मान्य करतो. पण लिहिणारा त्या प्रक्रियेत कुठेच नसतो. शिवाय आमचा एक जुना प्रश्न आहे: ॲट्रॉसिटीची हकिगत सांगताना शिवी जशीच्या तशी लिहावी लागते, जातीचे नाव घ्यावे लागते. शब्द पाहणारे यंत्र शिवी देणारा आणि शिवी खाणारा यांत फरक कसा करणार? दुसरी वाट मायक्रोसॉफ्टच्या भारतीय संशोधकांनी 'कार्या' प्रकल्पात दाखवली. ग्रामीण आणि शहरी कष्टकरी तसेच विद्यार्थी मिळून ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी वाचन त्यांनी मोबदला देऊन ध्वनिमुद्रित केले. मोबदला पुरेसा होता का, यावर वाद घालता येईल. पण वाद घालण्याआधी व्यवहार तरी झाला पाहिजे. उपशात तो होतच नाही.

आता आमच्यातलेच काही मित्र म्हणतात, यंत्राला आपले लिखाण मिळू द्या, नाहीतर ते मनुवाद्यांचेच वाचून शिकेल. या म्हणण्यात दम आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने चॅटजीपीटीमागचे जीपीटी-५ तपासले, तेव्हा रिकाम्या जागा भरण्याच्या १०५ वाक्यांपैकी ८० वाक्यांत त्याने जातीय साचाच निवडला. पण म्हणून उपाशी यंत्राच्या पुढ्यात आपले सगळे घर ठेवायचे का? बाबासाहेबांचे वाङ्मय यंत्राने जरूर वाचावे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्याचे खंड काढले, आणि १ जानेवारी २०१७ पासून त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट संपला आहे. ते जगाचे आहे. मालेगाव तालुक्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने वसतिगृहात झालेल्या अपमानाबद्दल रात्री दोन वाजता लिहिलेले चार परिच्छेद जगाचे नाहीत. ते त्याने आपल्या दोनशे माणसांना सांगितले आहेत. शिवाय यंत्राचा पूर्वग्रह आमच्या दुःखाच्या अभावाने आलेला नाही. आमचे दुःख त्याने भरपूर वाचले आहे, आमच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेल्या शब्दांत.

कायद्याकडे पाहावे तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागूच होत नाही. तशी स्पष्ट तरतूद कलम ३ मध्ये आहे. म्हणजे पुन्हा तोच शब्द. कॉपीराइटच्या बाजूने एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या समितीने मांडलेला प्रस्ताव असा की कंपन्यांना सरसकट परवाना द्यावा आणि रॉयल्टी एका मध्यवर्ती संस्थेमार्फत वाटावी. लेखकाला 'नाही' म्हणण्याची सोय त्यात नाही. मोठी वृत्तपत्रे आणि प्रकाशक आपला वाटा वसूल करतील. ज्याचे लिखाण मोबाइलवरच जन्मते आणि मोबाइलवरच राहते, त्याचा वाटा कोण मागणार? आमच्या संघटनांनी या प्रस्तावावर निवेदने द्यायला हवीत, आणि ती फक्त पैशाची नकोत, नकाराच्या हक्काची हवीत. आरक्षण, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी या विषयांवर आपण जिल्हाधिकारी कचेरीवर जातो तसेच हे आहे. संगणकाचा विषय म्हणून पोरांवर सोडून देण्यासारखे नाही.

दरम्यान आमच्या जिल्ह्यात एक छोटे काम चालू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षेसाठी गेलेल्यांपैकी आता फार थोडे हयात आहेत. कारंजा, मानोरा, मंगरुळपीरकडची मुले त्यांच्या आठवणी मोबाइलवर मुद्रित करतात. हे मुद्रण कुठे ठेवायचे, यावर आमच्यात दोन मते आहेत. काहींना ते लगेच सर्वांसाठी खुले हवे, काहींना आपल्याच छोट्या सर्व्हरवर, ओळखीच्यांपुरते. अजून ठरलेले नाही. तोवर मुलाखत घेणाऱ्याने वहीत चार रकाने भरायचे: नाव, गाव, तारीख, आणि कोणाला ऐकवायचे. चौथ्या रकान्यात बहुतेक म्हातारी माणसे 'सगळ्याईले' असेच सांगतात. गाव सोडावे लागल्याचा किंवा मारहाणीचा भाग आला की मात्र काही बाया थांबतात आणि तेवढा भाग फक्त विहारात ऐकवा म्हणतात.