परिणामरहित रूपांतर-भाषेतील चलाची व्याप्ती

कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचास ‘पोथी’ म्हणतात. अशा पोथीची सूची एक्सएमएल पद्धतीने लिहून, प्रत्येक चित्रागणिक एखाद्या चलात एक मिळवीत जावे असे कोणी योजिले, तर एक्सएसएलटी ही रूपांतर-भाषा त्यास अवसर देत नाही. हा तिचा दोष नसून मूलतत्त्व आहे, असे तिच्या इतिहासावरून दिसते.

१९९६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेली डीएसएसएसएल ही तिची पूर्वज. ती ‘स्कीम’ भाषेच्या परिणामरहित अंशावर उभी होती. जेम्स क्लार्क यांनी संपादिलेली एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रमाण ठरली. तीत चलास मूल्य एकदाच मिळते. साच्यात बांधलेले नाव केवळ पुढील सहोदर घटकांत व त्यांच्या पोटघटकांत दृश्य असते. सर्वोच्च पातळीवरील नाव सर्वत्र. ही व्याप्ती लेखनातील स्थानावर ठरते, काळक्रमावर नव्हे. म्हणून प्रत्येक चित्रासाठी तेच नाव नव्याने बांधले जाते. मागील मूल्य पुढे येत नाही. ‘चित्रे किती?’ हा प्रश्न संपूर्ण संचासच एकदम विचारावा लागतो. मात्र त्यामुळेच चित्रे कोणत्याही क्रमाने हाताळली तरी फलित बदलत नाही.

व्याकरणाच्या अभ्यासकास येथे पाणिनीय अनुवृत्तीचे स्मरण होईल. एस. डी. जोशी व सरोजा भाटे यांचा अनुवृत्तीवरील ग्रंथ १९८४ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. अनुवृत्तीतही पूर्वसूत्रातील पद पुढील सूत्रांत चालू राहते. परंतु ते कोठे थांबते हे पुष्कळदा अर्थावरून ठरवावे लागते. एक्सएसएलटीत ही सीमा घटकांची रचनाच निश्चित करते.

पुढील आवृत्त्यांचे संपादन मायकेल के यांनी केले. साच्यातील एका नावाने त्याच साच्यातील दुसरे झाकणे पहिल्या आवृत्तीत निषिद्ध होते. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीने त्यास अनुमती दिली. २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘इटरेट’ आले. त्यायोगे प्रत्येक फेरी पुढील फेरीस मूल्य सोपविते. तेथेही जुने मूल्य बदलत नाही, नवे बांधले जाते. सारांश, अठरा वर्षांत व्याप्तीचे नियम सैल झाले, परंतु मूल्याची अविकार्यता अबाधित राहिली.