जासूद, बातमीदार, सीआयडी : एक प्रस्तावना

घरात कुणी फार चौकश्या करू लागले की मराठी माणूस विचारतो, ‘तू काय सीआयडी आहेस का?’ खरे तर सीआयडी हे खात्याचे नाव. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस आयोगाने (1902-03) प्रांतोप्रांती असे खाते असावे, असे सुचवले. आपण मात्र त्या खात्याचा माणूस करून टाकला: ‘त्याच्यामागे सीआयडी लागलाय.’ 1998 मध्ये सोनी वाहिनीवर त्याच नावाची मालिका आली, तिने हा शब्द पोराटोरांच्या तोंडी बसवला. ‘गुप्तहेर’ राहिला बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत.

शोध घेणाऱ्याला लोक काय म्हणतात, याचा अभ्यास म्हणजे लोकांनी त्याला कुठून पाहिले याचा अभ्यास. इंग्रजी बोलीतला ‘गमशू’ रबरी तळव्याच्या, आवाज न करणाऱ्या बुटांवरून आला. बंगालीत त्याला ‘टिकटिकी’, म्हणजे पाल म्हणतात. भिंतीला चिकटून सगळे पाहणारी. मराठी शब्द इतके खट्याळ नाहीत. ते दरबारातून आले आहेत.

‘जासूद’ हा अरबी ‘जासूस’चाच अवतार, पण पेशवाईत तो प्रामुख्याने टपाल घेऊन धावणारा. ‘बातमीदार’ तेव्हा शत्रूच्या गोटातली खबर आणणारा होता. आज तो वर्तमानपत्राच्या नोकरीत आहे. या स्थलांतराने कुणाचा मान वाढला, हे वाचकांनीच ठरवावे. ‘हेरणे’ तर गुपचूप बाजारात शिरले: दुकानदार गिऱ्हाईक हेरतो, आईबाप स्थळ हेरतात.

या शब्दांचे वजन समजायला पंढरपूरचे एक प्रकरण फार उपयोगी आहे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हिशेबाचा तंटा मिटवायला इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे आले होते. 20 जुलै 1815 च्या रात्री विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतताना वाटेतच त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर. पेशवे दुसरे बाजीराव यांनी खुन्यांचा शोध नेटाने घेतला नाही. पुरावा गोळा करून त्रिंबकजींना ताब्यात मागितले ते इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यांनी. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाले आणि 1816 मध्ये तिथून निसटले. तपास हे तेव्हा वेगळ्या खात्याचे काम नव्हते, राजकारणाचे होते. त्यामुळे खबर आणणारा कोण, हे तो कुणाला खबर देतो त्यावर ठरे: एका दरबारचा बातमीदार तो दुसऱ्या दरबारचा फितूर.

आजही पंढरपूरच्या वारीच्या गर्दीत पाकीटमार पकडायला वारकऱ्यांच्या वेशात पोलीस असतात. लोकांच्या लेखी ते सगळे ‘साध्या वेशातले’. पोलीस ठाण्यात मात्र नेमके बोलतात. ‘डीबीवाला’ म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथकाचा कर्मचारी. ‘खबऱ्या’ माहिती पुरवून बाजूला होणारा. आणि ‘झिरो पोलीस’ म्हणजे गणवेश नाही, पगार नाही, तरी पोलिसांसोबत रुबाबात हिंडणारा. या तिघांतल्या सीमारेषा कागदावर सापडत नाहीत. म्हणून या शब्दांच्या अभ्यासात येणाऱ्याने मोल्सवर्थचा कोश जवळ ठेवावाच, पण ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवरही बसावे.