आधी मुलगे, मग मुली : १९२० चे पुणे आणि राष्ट्रीय पक्ष

टिळकांनी एप्रिल १९२० मध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतरची पहिली निवडणूक लढवण्यासाठी केलेली ही सिद्धता होती. शिक्षणाचा प्रसार आणि मताधिकाराचा विस्तार ही आपली दोन मुख्य साधने आहेत, असे त्यात म्हटले होते. सक्तीचे शिक्षण देताना मुलगा-मुलगी असा भेद करू नये, हेही त्यात होते. त्याच्या काही आठवडे आधी पुण्यात याच पक्षाची माणसे नेमकी उलट बाजू लढवत होती. ही विसंगती आपल्या इतिहासलेखनात सहसा एखाद्या वाक्यात आटोपली जाते.

विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पुण्यात लगेच प्रश्न उभा राहिला : सक्ती सर्वांना की फक्त मुलग्यांना? राष्ट्रीय पक्षाचे म्हणणे असे की पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलगे, मुलींचे मागाहून पाहू. रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रियांनी याविरुद्ध चळवळ उभारली. १९२० च्या आरंभी या प्रश्नावरच्या सभेत खुद्द टिळकांना गोंधळामुळे नीट बोलता आले नाही. लोकमान्यांच्या पुण्यात हे घडावे, यावरून प्रकरण किती तापले होते याची कल्पना यावी.

पैशाचा युक्तिवाद केवळ ढोंग होता असे मला वाटत नाही. नगरपालिकेचे उत्पन्न मर्यादित होते आणि कर वाढवणे मतदारांना रुचणारे नव्हते. गोखल्यांनी १९११ साली मांडलेल्या विधेयकातही सक्तीचा आरंभ मुलग्यांपासूनच होता, आणि मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. म्हणजे 'आधी मुलगे' ही काही एकट्या जहालांची भाषा नव्हे. परंतु बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच संस्थानभर मुलींनाही सक्ती लागू केली होती. तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणण्याची सोय १९२० मध्ये उरली नव्हती. काटकसर करायचीच तर ती कोणाच्या वाट्याची करायची, एवढाच प्रश्न होता. त्याचे उत्तर देणारे सगळे पुरुष होते. कौन्सिलसाठी मत देण्याचा अधिकार मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांना तेव्हा नव्हताच. तो १९२१ नंतरचा.

विठ्ठल रामजी शिंदे यांची अडचण इथे लक्षात घ्यावी. राजकारणात ते टिळकांना जवळचे होते. त्यांनी १९१८ साली मुंबईत भरवलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत टिळक बोलले, पण वैयक्तिक प्रतिज्ञापत्रकावर त्यांनी सही केली नाही. मुलींच्या सक्तीच्या बाबतीत शिंदे उघडपणे स्त्रियांच्या बाजूला होते. त्याच वर्षी कौन्सिलच्या निवडणुकीला ते उभे राहिले, तेही मराठ्यांसाठी राखलेली जागा नाकारून, 'बहुजन पक्षा'चा जाहीरनामा घेऊन. राखीव जागा नाकारल्याने जातवार राजकारण करणारे दुरावले, आणि ब्राह्मण पुढाऱ्यांचा राष्ट्रीय पक्षही त्यांना आपला मानेना. ते पडले. आपल्याकडे स्वतंत्र बुद्धीच्या उमेदवाराचे बहुधा असेच होते.

खुद्द डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा मात्र मतदारांपुढे कसोटीला लागलाच नाही. १ ऑगस्टला टिळक गेले. सप्टेंबरात कलकत्त्याच्या खास अधिवेशनात काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्काराचा ठराव केला. न. चिं. केळकरांसारख्या टिळकानुयायांना तो मनापासून पटलेला नव्हता, तरी पक्षशिस्त म्हणून उमेदवार मागे घेतले गेले. त्याच ठरावात सरकारी शाळा-कॉलेजांतून मुले हळूहळू काढून घेण्याचे आवाहनही होते. वसंतात सक्तीच्या शाळा मागणारा पक्ष शरदात शाळा सोडा म्हणू लागला.

मोकळ्या राहिलेल्या मैदानात नेमस्त आणि ब्राह्मणेतर निवडून आले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणमंत्री झाले आणि १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला. त्याच वर्षाच्या निवडणुकीत केळकर स्वराज्य पक्षातर्फे मध्यवर्ती कायदेमंडळात गेले.