शंभर डॉलरचा लॅपटॉप आणि घरातला एकच फोन

नोव्हेंबर 2005. ट्युनिशियाची राजधानी ट्युनिस इथे संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली होती. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपोंटे यांनी तिथे हिरव्या रंगाचा एक छोटा लॅपटॉप जगासमोर ठेवला. वीज नसेल तिथे हाताने फिरवून चालवता यावा म्हणून त्याला एक दांडा लावलेला होता. सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो फिरवून पाहिला आणि दांडा निखळून त्यांच्या हातातच आला.

'वन लॅपटॉप पर चाइल्ड' असे या योजनेचे नाव. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाच्या हाती शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायचा, म्हणजे मूल आपले आपण शिकेल, अशी तिची धारणा होती. 2007 मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत दोनशे डॉलरच्या आसपास गेली होती.

भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 मध्येच या योजनेला नकार दिला. आम्हाला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. 6 ते 14 वयोगटातली 25 टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधूनच गळली होती, असे त्यात नोंदवले होते. ज्या मुलाकडे शाळाच नाही, त्याला शाळेतला लॅपटॉप कुठून मिळणार?

तरीही 2007 मध्ये हे हिरवे लॅपटॉप आपल्या महाराष्ट्रात आले. रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी मराठी शाळेत पहिली ते चौथीच्या वीसेक मुलांना ते मिळाले. मुले त्यात रमली, पण देशभर ही योजना कधी पसरली नाही.

बाहेरच्या दोन देशांचा अनुभव मात्र समजून घेण्यासारखा आहे. पेरूने साडेआठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. पुढे 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला. त्याचा अहवाल 2012 मध्ये आला, तेव्हा गणित आणि भाषेत लॅपटॉप मिळालेली व न मिळालेली मुले सारखीच निघाली. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांची तयारीही अपुरी होती. उरुग्वेने 2007 मध्ये 'प्लान सेइबाल' सुरू केला. 2009 पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप मिळाला. सोबत शाळांना इंटरनेट, शिक्षकांना प्रशिक्षण आणि यंत्र बिघडले तर दुरुस्तीची सोय दिली. तिथेही सुरुवातीला गुण वाढले नाहीत, पण गरीब आणि श्रीमंत घरांतले संगणकाचे अंतर झपाट्याने कमी झाले. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा त्या देशाकडे उभी राहिलेली व्यवस्था तयार होती.

आपल्याकडे सरकारांनी दुसरी वाट धरली. उत्तर प्रदेशात 2013 मध्ये बारावी झालेल्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले गेले. त्यात हिंदी आणि इंग्रजीसोबत उर्दूचीही सोय होती आणि मदरसा बोर्डाचे विद्यार्थीही पात्र होते. ही गोष्ट चांगलीच होती. पण लॅपटॉप मिळायचा बारावीनंतर. सच्चर समितीने दाखवलेली आमची मुले त्याच्या कितीतरी आधी गळतात. कारखान्यात, गॅरेजमध्ये किंवा शिलाई मशीनवर बसलेल्या मुलाचे नाव वाटपाच्या यादीत येतच नाही.

2017-18 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या 4.4 टक्के आणि शहरी भागातल्या 23.4 टक्के घरांत संगणक होता. दोनच वर्षांनी शाळा ऑनलाइन झाल्या. तेव्हा माझ्या वर्गातल्या एका सातवीच्या मुलीचा गृहपाठ रोज रात्री अकरानंतर यायचा. चौकशी केली तर कळले, घरात फोन एकच. दिवसभर तो अब्बांसोबत भाजीच्या गाडीवर असायचा. ते परतले की आधी भाऊजान, कारण त्याची दहावी. मग अम्मीचे माहेरचे फोन. शेवटी हिची पाळी. सर्वेक्षणात हे घर 'इंटरनेट असलेले' म्हणूनच मोजले जाईल.

केरळमध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढले होते, कारण संध्याकाळी 6 ते 10 मोबाइल न वापरण्याचा नियम तिला मान्य नव्हता. ती न्यायालयात गेली. 19 सप्टेंबर 2019 रोजी केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत प्रवेश द्यायला सांगितले. न्यायालयाने मान्य केलेला हा हक्क आमच्या घरात मुलीला मिळतो का, हे आपण स्वतःलाच विचारले पाहिजे.

शाळांना यंत्रांसोबत शिक्षक, इंटरनेट आणि दुरुस्तीची सोय मिळावी, ही मागणी सरकारकडे लावून धरलीच पाहिजे. पण काही कामे मोहल्ल्यातही होऊ शकतात. मशिदीलगतची खोली, जमातीचा हॉल, बंद पडलेले वाचनालय यांतल्या एखाद्या ठिकाणी दोन-तीन संगणक ठेवावेत, शिकवणारा एक माणूस नेमावा आणि मुलींसाठी ठरलेली वेळ राखावी. तोपर्यंत निदान घरातला एकच फोन रोज एक तास, दिवसाउजेडी, तिच्या हातात द्यावा.