लासलगाव : कांद्याच्या भावाचे गाव

आपल्या मंडळातील फार थोड्या सभासदांनी लासलगाव प्रत्यक्ष पाहिले असेल. नाव मात्र सर्वांना माहीत आहे. दिल्लीत कांदा महागला की हिंदी बातम्यांत 'लासलगांव मंडी' येतेच, आणि ऑफिसमधला एखादा सहकारी हमखास विचारतो, "क्यों साहब, आपके महाराष्ट्र में क्या चल रहा है?" या प्रश्नाला नीट उत्तर देता यावे म्हणून हा लेख. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला साधा इंजिनिअर आहे. नोकरीची काही वर्षे भुसावळ मंडलात गेली, त्यामुळे मनमाड-नाशिक पट्टा परिचयाचा झाला. त्या पट्ट्यातील या गावाची हकीकत सांगण्यासारखी आहे.

लासलगाव नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, मुंबईपासून रेल्वेने सुमारे २३५ किलोमीटरवर आहे. ते तालुक्याचे ठिकाण नाही, तीर्थक्षेत्रही नाही. २०११ च्या जनगणनेतही ते ग्रामपंचायतीचेच गाव होते. जुन्या काळी या भागात वजन होते ते आसपासच्या गावांना. विंचूर हे पेशवाईतील सरदार विंचूरकरांचे ठाणे. चांदवड होळकरांचे, तेथील रंगमहाल आजही दाखवतात. येवला पैठणीसाठी प्रसिद्ध. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडला झाला. या यादीत लासलगावला मोठे म्हणावे असे काही नव्हते.

हे चित्र बदलले ते लोहमार्गाने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि १८६५ साली थळ घाट रेल्वेने ओलांडला. नाशिककडून मनमाड-भुसावळकडे जाणारा मार्ग लासलगावजवळून गेला. विंचूर आणि चांदवड लोहमार्गापासून बाजूला राहिले. येवल्याला गाडी आली ती १८७८ साली, धोंड-मनमाड मार्ग झाल्यावर. सरदारांचा वाडा जेथे होता तेथून बाजार हळूहळू सरकला आणि जेथे वॅगन भरता येत होती तेथे स्थिरावला. आमच्या खात्यात मार्गाची आखणी ठरते ती चढ-उतार, वळणे, नदीवरचे पूल आणि खर्च पाहून. पण नकाशावरच्या त्या एका रेघेने पुढच्या दीडशे वर्षांचा बाजार कोणाच्या दारात भरणार हेही ठरते.

बाजार समिती

सुरुवातीला येथे मुख्यतः धान्य, भुईमूग, कडधान्ये असा माल येई. त्या काळचा व्यवहार आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होता. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत आणि ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. वजनात कटती, धर्मादाय, नमुना अशी कापाकापी वेगळीच. या प्रकाराला आळा घालण्याची सुरुवात आपल्याच विदर्भात झाली. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कायदा आला. मुंबई प्रांतात शेतमाल बाजाराचा व्यापक कायदा १९३९ साली झाला. त्याच वाटेने १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षीच, लासलगाव बाजार समिती स्थापन झाली. पुढे १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ही रचना पक्की केली. विंचूर आणि निफाड येथे समितीचे उपबाजार आहेत. एके काळचे सरदारांचे ठाणे आज लासलगावचा उपबाजार आहे, यात सगळा इतिहास आला.

कांद्याचा लिलाव पाहण्यासारखा असतो. आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेने उभ्या असतात. शेतकरी आपल्या मालाजवळ उभा राहतो. लिलाव पुकारणारा आणि त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सरकतो. कोणी कांदा हातात घेऊन दाबतो, कोणी पत्ती पाहतो, बोली चढते आणि एक-दोन मिनिटांत सौदा होतो. चार-पाच महिन्यांच्या कष्टाचे मोल ठरायला एवढाच वेळ लागतो. मग वाहन काट्यावर जाते, तेथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. खळ्यावर माल उतरतो, त्याची प्रतवारी होते. मोठा कांदा वेगळा, गोल्टी वेगळी, जोड आणि खराब वेगळा. हे निवडण्याचे काम बहुतेक बायका करतात. मग गोण्या भरतात, शिवतात, आणि हमाल त्या ट्रकवर किंवा वॅगनमध्ये चढवतात. शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी येते.

थोडक्यात, कांदा पिकवतात ते निफाड, येवला, चांदवड आणि आजूबाजूच्या तालुक्यांतील शेतकरी. लासलगाव त्यांना लागणारी बाकीची सगळी कामे करते. तोलणे, विकणे, निवडणे, भरणे, पाठवणे आणि पैसे हातात देणे. जोडीला बी-बियाण्यांची दुकाने, ट्रॅक्टरची गॅरेजे, बँका, शाळा-कॉलेजे आणि दवाखाने. कांदा विकून आलेला माणूस त्याच फेरीत खताची पोती, मुलाची पुस्तके आणि आईची औषधे घेऊन जातो. म्हणून लिलाव चार दिवस बंद राहिला की गावातल्या चहाच्या टपरीपासून सोनाराच्या पेढीपर्यंत सर्वांना झळ बसते.

गावाच्या स्वभावाची एक गोष्ट सांगतो. अमावास्येला कांद्याचा लिलाव करायचा नाही, अशी येथे जुनी प्रथा होती. २०२१ मध्ये ती मोडून अमावास्येलाही लिलाव सुरू करण्यात आला. नाशवंत माल तिथी पाहून थांबत नाही, हे शेवटी सर्वांनी मान्य केले.

कांदा आणि वेळ

काळी जमीन, कोरडी हवा, विहिरी आणि पालखेडच्या कालव्याचे पाणी यांमुळे या भागात कांदा चांगला साधला. पिकाचे तीन हंगाम आहेत. खरिपाचा लाल कांदा साधारण दिवाळीच्या सुमारास येऊ लागतो. त्यामागून रांगडा येतो. उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो. लाल कांदा टिकत नाही, तो लगेच विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने राहतो. कांद्याची चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, खालून आणि बाजूंनी हवा खेळणारी लांबट खोली. तीत कांदा टिकतो, पण दर महिन्याला वजन घटते, काही सडतो, काहींना कोंब फुटतात. चाळीतला कांदा म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. ही ठेव रोज कमी होते.

आपल्याकडे आषाढात कांदेनवमी होते आणि अनेक घरांत चातुर्मासात कांदा बंद होतो. गणपतीच्या नैवेद्यात तर तो नसतोच. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हेच महिने कसोटीचे. जुना कांदा चाळीत संपत आलेला आणि नवा शेतात लहान असतो. या मधल्या काळात भाव चढतो, आणि ज्याने चार महिने घट सोसून माल सांभाळला त्याला दोन पैसे मिळण्याची आशा तेव्हाच असते.

वॅगन आणि ट्रक

पूर्वी रेल्वे एक-दोन वॅगनचे बुकिंगही घेत असे. मध्यम व्यापारीसुद्धा दोन वॅगन भरून लांबच्या गावी पाठवू शकत होता. १९८० च्या दशकात रेल्वेने सुट्या वॅगनऐवजी एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणाऱ्या पूर्ण रेकवर भर दिला. वाहतूक वेगाने व्हावी आणि यार्डांत वॅगन अडकून पडू नयेत म्हणून हा निर्णय योग्यच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की पूर्ण रेक भरण्याची ऐपत असलेलाच रेल्वेकडे राहिला आणि बाकीचे ट्रककडे गेले.

ट्रकचे राज्य आले तसे मुंबई-आग्रा महामार्गावरील पिंपळगाव बसवंत पुढे आले. लासलगावला 'आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ' म्हणतात खरे, पण काही हंगामांत पिंपळगाव किंवा सोलापूरची आवक त्याहून जास्त असते. लोहमार्गाने विंचूर-चांदवडचे जे केले, तेच महामार्गाने थोड्या प्रमाणात लासलगावचे केले. तरीही देशभर भाव विचारला जातो तो लासलगावचाच. नावाची पत कमवायला वेळ लागतो, आणि ती लवकर जातही नाही.

मधल्या काळात नवे प्रयोगही झाले. २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र लासलगावला उभे राहिले. कांद्याला कोंब फुटू नयेत हा एक हेतू होता. पण ते गाजले आंब्यामुळे. २००७ साली भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेला गेला, तो येथे विकिरण करूनच. ७ ऑगस्ट २०२० रोजी पहिली किसान रेल देवळालीहून दानापूरला निघाली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये 'कांदा एक्स्प्रेस' लासलगावहून ४२ वॅगनमध्ये १,६०० टन सरकारी साठ्याचा कांदा घेऊन आपल्या दिल्लीच्या किशनगंज स्टेशनवर आली. सरकारने तेव्हा दिलेल्या हिशोबानुसार ५६ ट्रकना ८४ लाख रुपये लागले असते, रेल्वेने ७० लाख २० हजारांत काम झाले. आकड्यांत एक मेख आहे. एका वॅगनमध्ये सरासरी ३८ टनच कांदा बसला. तीच वॅगन सिमेंट किंवा धान्य साठ टनांच्या आसपास घेते. कांदा जागा जास्त अडवतो, वजन कमी भरतो, आणि त्याला वाराही लागतो. म्हणून त्याची वाहतूक कधीच फार स्वस्त होत नाही.

भाव कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लासलगावात जाहीर होणारा भाव लासलगाव ठरवते का? १९७४ पासून कांद्याची निर्यात बराच काळ नाफेडमार्फतच होत असे. १९८० साली शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात मोठे आंदोलन केले. त्या नोव्हेंबरात याच मार्गावरील खेरवाडी येथे रेल रोकोच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्या रुळांवरून जाताना आम्हा रेल्वेवाल्यांना ही आठवण असायला हवी.

दुसऱ्या बाजूला आपले शहर. १९९८ साली कांदा भडकला आणि दिल्लीचे सरकार निवडणुकीत पडले. त्यानंतर कांद्याच्या भावाकडे कोणत्याच सरकारने दुर्लक्ष केले नाही. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी झाली, १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा झाली. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील लिलाव काही दिवस बंद पडले. डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली. शुल्क पूर्ण हटले १ एप्रिल २०२५ ला. बहुतेक निर्णयांचे महिने पाहा. चाळीतला कांदा विकून शेतकऱ्याला चार पैसे मिळायचे, नेमके तेच दिवस.

भाव कोसळतो तेव्हा मात्र अशी घाई दिसत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये लासलगावला लाल कांदा किलोला दोन-चार रुपयांपर्यंत उतरला आणि २७ तारखेला शेतकऱ्यांनीच लिलाव बंद पाडला. नंतर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. त्याच दिवसांत आपल्या कॉलनीतल्या हातगाडीवर कांदा दोन रुपयांनी मिळाल्याचे कोणाला आठवते का? रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कांद्यासाठी ग्राहक देतो त्या रुपयातील सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. बाकीचे वाहतूक, हमाली, घट, सड आणि मधल्या प्रत्येक हाताचा नफा यांत जातात. त्यातला प्रत्येक हात लबाड असतो असे नाही. खळ्यावर दिवसभर कांदा निवडणारी बाईही त्यातच येते.

आपण दोन्हीकडचे आहोत. आपल्यापैकी अनेकांचा भाऊ किंवा चुलता आजही गावी शेती करतो, आणि आपण येथे पिशवी घेऊन भाव करतो. महिन्याला पाच किलो कांदा लागणाऱ्या घरात किलोमागे वीस रुपये वाढले तर शंभर रुपयांचा फरक पडतो. ट्रॉलीत वीस क्विंटल घेऊन आलेल्या माणसाला तोच फरक चाळीस हजारांचा असतो. आपल्या घराला शंभर रुपयेही जड आहेत असे सभासद असतील, त्यांची अडचण खरीच आहे. पण ती दूर करण्याचा भार चाळीत कांदा सांभाळणाऱ्याने एकट्यानेच का उचलायचा?

तेव्हा यंदा सहकाऱ्याने "आपके महाराष्ट्र में क्या चल रहा है" असे विचारले, तर त्याला हा हिशोब जरूर सांगा. आणि सुट्टीत घरी जाताना गाडी लासलगावला थांबली किंवा तेथून नुसती पुढे गेली, तरी खिडकीतून बाहेर नजर टाका. ट्रॅक्टर रांगेत दिसले तर समजावे, गाव चालू आहे.