वेळास कासव संवर्धन

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या वेळास किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांच्या विणीचे रक्षण करणारा उपक्रम. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने तो २००२ मध्ये सुरू केला. त्यापूर्वी अंडी सर्रास उकरून खाल्ली वा विकली जात. उरलेली कोल्ही-कुत्री फस्त करीत.

मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी वाळूत सुरईच्या आकाराचा खड्डा करते, शंभरेक अंडी घालून तो बुजवते आणि समुद्रात परतते. पहाटे कासवमित्र तिच्या वाळूवरील खुणांचा माग काढून घरटे शोधतात. अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरतात. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडलेली पिल्ले पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. समुद्र ती स्वतःच गाठतात.

वन्यजीव संरक्षण कायद्याचे (१९७२) कवच कासवांना होतेच, पण रात्रीच्या किनाऱ्यावर पहारा उभा राहिला तो गावाला सोबत घेतल्यामुळे. संस्थेचे मोठे यश हेच. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी भरणाऱ्या कासव महोत्सवाला येणारे पर्यटक ग्रामस्थांच्या घरी उतरू लागले आणि घरटी राखण्यातून गावाला उत्पन्न मिळू लागले. वन विभागाच्या साथीने ही पद्धत पुढे कोकणातील इतर किनाऱ्यांवरही रुजली.