विनाकोड जोडणी : शोधसाधन आणि क्लाउड (उदाहरण : येलदरी जलाशय)

विनाकोड जोडणी : ठरावीक संकेतस्थळांपुरते आखून घेतलेले शोधसाधन आणि क्लाउडवरील साठवण वा होस्टिंग या दोन सेवा, प्रोग्राम न लिहिता, पडद्यावरच्या चौकटी एकमेकींना जोडून एकत्र चालवण्याची पद्धत. बोलण्यात ‘नो-कोड’ हाच शब्द चालतो. तिला सॉफ्टवेअरनिर्मिती म्हणावे की नुसती मांडामांड, याबद्दल मतभेद आहेत. या नोंदीत येलदरी (ता. जिंतूर, जि. परभणी) येथील जलाशयाची माहिती रोज शोधून साठवायची झाल्यास काय करावे लागेल, हे उदाहरण घेतले आहे. अशा कामात दोन सेवा जोडायला फार तर एक दुपार लागते. नावे, एकके आणि तारखा निस्तरायला मात्र पुढचे कित्येक महिने जातात, हे या उदाहरणात चांगले दिसते.

साधने : गूगलचे सानुकूल शोधसाधन २००६ पासूनचे, पुढे त्याला ‘प्रोग्रॅमेबल सर्च इंजिन’ हे नाव मिळाले. ॲमेझॉनची ‘एस३’ ही साठवणही २००६ चीच. जोडणीच्या सेवांमध्ये झॅपियर (२०११), एनएटएन (२०१९) आणि २०२२ मध्ये ‘मेक’ झालेले इंटिग्रोमॅट ही नावे प्रमुख. क्लाउडची केंद्रे महाराष्ट्रात आली ती मायक्रोसॉफ्टचे पुण्यात (२०१५), ॲमेझॉनचे मुंबईत (२०१६) आणि गूगलचे मुंबईत (२०१७), या क्रमाने.

रचना : वेळेचा ट्रिगर (ठरल्या वेळी साखळी सुरू करणारी चौकट), शोध, गाळणी, तक्त्यात नोंद, होस्टिंगवरील पान ताजे करणे आणि शेवटी फोनवर सूचना.

येलदरी हे पूर्णा नदीवरील धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. एकूण साठवण ९३४.४४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यापैकी जिवंत साठा ८०९.७७ आणि मृतसाठा (तळाचे, सोडता न येणारे पाणी) १२४.६७ दलघमी, पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र. येथून सोडलेले पाणी खालच्या सिद्धेश्वर धरणात अडते आणि तिथून कालव्यांना लागते. सिद्धेश्वरची एकूण साठवण सुमारे २५१ दलघमी असली तरी जिवंत साठा जेमतेम ८१ दलघमी आहे. एकाच प्रकल्पाची ही दोन धरणे असल्याने बातमीत वा तक्त्यात त्यांचे आकडे शेजारीशेजारी येतात. वर्तमानपत्रात छापली जाणारी टक्केवारी बहुधा जिवंत साठ्याची असते. त्यामुळे सिद्धेश्वर ‘शून्य टक्के’ असते तेव्हाही त्यात सुमारे १७० दलघमी पाणी उभे असते, म्हणजे भरल्या धरणातले दोनतृतीयांश. ‘टक्के’ या एकाच रकान्यात कधी एकूण तर कधी जिवंत साठ्याचा आकडा पडला, तरी जोडणी हूं की चूं करत नाही. चौकटीच्या दृष्टीने दोन्ही संख्याच. त्यातच दलघमी आणि टीएमसी (अब्ज घनफूट) ही दोन एकके एकाच बातमीत नांदतात. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, तेव्हा येलदरीचा जिवंत साठा २८.६ टीएमसी होतो. २८.६ हा आकडा दलघमीच्या रकान्यात गेला, तर भरलेले धरण साडेतीन टक्क्यांवर आलेले दिसेल.

नावे व लेखन : शोधसाधन आखून घेतले की नावांचा गोंधळ मिटतो, असा समज आहे. प्रत्यक्षात संकेतस्थळे कमी होतात, गोंधळ तेवढाच राहतो. ‘पूर्णा’ हे नाव पाहावे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळणारी ती एक पूर्णा. गाविलगडच्या डोंगरातून निघून चांगदेवजवळ तापीला मिळणारी विदर्भातली दुसरी. आणि परभणी जिल्ह्यातच रेल्वे जंक्शन असलेले पूर्णा हे तालुक्याचे गाव तिसरे. जलसंपदा विभागाच्या एकाच संकेतस्थळापुरता शोध बांधला तरी दोन्ही नद्या हाती लागणारच. ‘सिद्धेश्वर’ टाकल्यावर आधी सोलापूरचे सिद्धेश्वर येते. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे शासकीय कागदांत आणि बातम्यांत हे नाव सर्रास ‘सिध्देश्वर’ असे टंकलेले असते. ‘द्ध’ या जोडाक्षरात द आधी आणि ध नंतर. टंकणारा डोळ्याला दिसेल तसे ध आधी मारतो. वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, पण संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द आहेत आणि ‘सिद्धेश्वर असेल तरच पुढे जा’ ही गाळणी निम्मे कागद बाहेर ठेवू शकते. येलदरीचीही येल्दरी, यलदरी अशी रूपे आढळतात. विभक्तीचा प्रश्न इथे अर्धाच आहे : येलदरीत, येलदरीच्या, येलदरीतून या रूपांत मूळ शब्द जसाच्या तसा राहतो, म्हणून ‘समाविष्ट आहे’ ही साधी अट पुरते, पण ‘पाणी’ शोधणाऱ्या अटीला ‘पाण्याचा विसर्ग’ दिसत नाही. जुन्या कागदांची कथा आणखी वेगळी. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलेले आणि छायाप्रत काढून चढवलेले कागद शोधाला सहसा सापडत नाहीत. शिवाय हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांत सिद्धेश्वर परभणीत आहे, नंतरच्या कागदांत हिंगोलीत. ‘जिल्हा = परभणी’ अशी निरागस अट घातली की धरणाचा इतिहास त्या तारखेला तुटतो.

वेळ व आकडे : तारखांचा घोळ अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. तक्त्यातली तारखेची मांडणी अमेरिकी (महिना आधी) ठेवली असेल तर ०५/०८ ही ५ ऑगस्टची नोंद ८ मेची होते. २५/०८ ला मात्र काही होत नाही. पंचविसावा महिना नसल्याने ती तारीख निव्वळ मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांचे आकडे वर्षभर विखुरतात (०८/०८ सारख्या तारखा तेवढ्या योगायोगाने बरोबर), उरलेले आलेखातून गळतात आणि मे महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, येलदरीत पाणी चढल्याचे चित्र उमटते. क्लाउडचे घड्याळ सहसा जागतिक प्रमाणवेळेवर चालते. तिथली मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. ‘रोज मध्यरात्री’ असा ट्रिगर लावला तर त्या दिवसाची सकाळची नोंद लागण्याआधीच जोडणी पान उचलते आणि कालचा आकडा आजच्या तारखेखाली बसवते. शोध किती वेळा चालवावा, याचेही गणित आहे. गूगलच्या या सेवेत दिवसाला १०० शोध विनामूल्य मिळत आले आहेत. दर १५ मिनिटांनी शोधल्यास ९६ होतात, दर ५ मिनिटांनी २८८. साठ्याची नोंद एरवी दिवसातून एकदाच बदलते, त्यामुळे ९६ देखील उधळपट्टीच. आणि दरवाजे उघडून विसर्ग सुरू असतो त्या दिवशी शोधसाधन मुळातच कामाचे नाही, कारण ते पानाची पूर्वी टिपलेली प्रत चाळते. अशा वेळी पान थेट उघडणे बरे. शोधसाधनाचा खरा उपयोग जुने अहवाल, निविदा आणि परिपत्रके हुडकण्यासाठी.

सर्वांत फसवा आकडा शून्य. पान उघडले पण तक्ता रिकामा आला, तरी जोडणी ‘यशस्वी’ अशी हिरवी खूण करते आणि मोकळ्या जागेचे शून्य होते. हे शून्य चूक मानून सरसकट खोडावे, तर मराठवाड्यात खरे शून्यही येते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यातले शून्य खोडणे म्हणजे दुष्काळ खोडणे. ‘नोंद नाही’ आणि ‘पाणी नाही’ यांना दोन वेगळे रकाने द्यावे लागतात, आणि ते द्यायचे हे माणसानेच ठरवायचे असते.

आक्षेप : यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे दोष लिहिलेल्या प्रोग्राममध्येही राहतात, मग विनाकोड पद्धतीलाच का धरावे? आक्षेप रास्त आहे. फरक नियम कुठे राहतो, एवढ्यापुरता. प्रोग्राममध्ये ‘ध्द’चा ‘द्ध’ करणारी ओळ एका जागी वाचता येते. चौकटींच्या साखळीत ती पाचव्या चौकटीच्या तिसऱ्या कप्प्यात, कुणा एकाच्या खात्यात दडलेली असते आणि खाते बंद झाले की तीही गेली. पण याच फरकाची दुसरी बाजू या पद्धतीच्या बाजूने जाते. सिध्देश्वर आणि सिद्धेश्वर एकच, मृतसाठा टक्केवारीत धरत नाहीत, ही माहिती पाटबंधारे शाखेतल्या कारकुनाला, कालव्याच्या पाळीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला किंवा तालुका वार्ताहराला असते. दूरच्या प्रोग्रामरला ती सांगावी लागते. चौकट उघडून ही माहिती असलेला माणूस स्वतः अट बदलू शकतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ. कोड लिहिणे वाचले, ही तुलनेने किरकोळ गोष्ट. दुसरा आक्षेप भाषिक प्रतिमानांचा : आता यंत्रालाच ‘यलदरी’ म्हणजे येलदरी हे कळते, तेव्हा ही यातायात कशाला? नावापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र एकक न लिहिलेल्या २८.६ पुढे यंत्र अंदाजाने दलघमी लिहून मोकळे होते, आणि रिकाम्या रकान्याकडे लक्ष जाते तसे नीटनेटक्या चुकीच्या आकड्याकडे जात नाही. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो ज्या वाक्यातून उचलला ते मूळ वाक्य, जसेच्या तसे, वेगळ्या रकान्यात ठेवण्याची पद्धत इष्ट. तिला साठवण नगण्य लागते.

दुबार नोंदी : जोडणी अडखळून पुन्हा चालली की तीच ओळ दोनदा पडते, धरण आणि तारीख मिळून एक खूण केल्यास दुसरी ओळ पहिलीवरच बसते.

सुरक्षा : शोधसेवेची किल्ली (एपीआय की) मागणीच्या वेबपत्त्यातच लिहिलेली असल्यास ती जोडणीच्या नोंदवहीत उघडी राहते.